इंग्रजी चालू आहे

कडुलिंब मोहरला की माझे डोळे दुखायला लागतात. इतरांना त्या वासाने पाडवा आठवत असेल, मला दहावीचे पेपर आठवतात. मेहकरच्या आमच्या घरासमोर एक लिंब आहे. त्याचा बारीक फुलोरा पायरीवर सांडू लागला की दोन-चार दिवसांत इंग्रजीचे गठ्ठे येतात, आणि मग माझं जेवण, झोप, बोलणं सगळं त्या गठ्ठ्यांच्या सोयीने चालतं. बत्तीस वर्षं झाली या नोकरीला, आणखी दोन राहिली. यंदा गठ्ठा उचलायला वाकले, तर शाळेचा शिपाई म्हणाला, “राहू द्या मॅडम, मी ठेवतो.” मी राहू दिला. पूर्वी राहू दिला नसता.

कंटाळा कामाचा नाही, त्याच त्या पत्राचा आहे. प्रत्येक मूल आपल्या मित्राला तेच पत्र लिहितं, तो मित्र तसाच खुशाल असतो, आणि आईवडिलांना तोच साष्टांग नमस्कार सांगतो. सगळ्यांनी एकाच गाइडमधून पाठ केलेलं. चुकासुद्धा त्याच जागी. तीसेक पेपर झाले की मला अक्षरं दिसत नाहीत, नुसती शाई दिसते. मग मी चष्मा काढून ठेवते आणि मनात म्हणते, बाबांनो, एक वाक्य तरी स्वतःचं लिहा. चुकीचं लिहा, पण तुमचं लिहा. आणि असं म्हटलं की हटकून ताई आठवते.

ताई, म्हणजे शकुंतला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तेव्हा आम्ही लोणारला राहत होतो. बाबा तिथल्या शाळेत क्लार्क होते. ताईचं दहावीचं इंग्रजी राहिलं होतं. मार्चमध्ये राहिलं, ऑक्टोबरमध्ये परत राहिलं. बाकीचे विषय सुटले, गणितसुद्धा, पण इंग्रजीचा पेपर हातात आला की तिचं डोकं सुन्न होऊन जाई. आता तिसरी खेप होती. तेव्हा दहावीवर डी.एड. होत असे, आणि बाबांनी तिला शब्द दिला होता की इंग्रजी सुटलं की बुलडाण्याला डी.एड.ला घालीन. ताईला शिक्षिका व्हायचं होतं. गल्लीतल्या पोरांना ती ओट्यावर बसवून पाढे म्हणायला लावायची, आणि एखादं चुकलं तर रागवायची नाही, त्याच्या शेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. हे शिकवून येत नाही, हे मी आता बत्तीस वर्षांनंतर सांगू शकते. माझ्यात ते नव्हतं. अजून नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर तळ्याकाठचे दगड तपासायला एक अमेरिकन विद्यार्थी आला होता. डॅन त्याचं नाव. लोणारला असे कोणी ना कोणी येतच असत, दगड गोळा करत, पाणी बाटल्यांत भरून नेत, त्याचं आम्हाला नवल नव्हतं. पण हा विश्रामगृहावर उतरला आणि हॉटेलातली तर्री खाऊन आडवा झाला. बाबा त्याला घरी जेवायला घेऊन आले. आईने मुगाची खिचडी केली, ताक दिलं. त्यानंतर तो दोन महिने आमच्याकडेच जेवला, गुडघे कानाला लावून पाटावर बसायचा. आई त्याला डॅनभाऊ म्हणायची. माघात तो परत गेला. जाताना आईच्या हातात त्याने एक कॅसेट दिली आणि बाबांना कसंबसं समजावलं, की हा त्याच्या कॉलेजातल्या मित्रांचा बँड आहे, त्यांची ही पहिलीच कॅसेट, अजून त्यांना कोणी ओळखत नाही. वर एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचा फोटो होता, गवत वाढलेला. आईने ती कॅसेट देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिली. तिथे तिला हळदीकुंकूही लागलं असावं, मी पाहिलं नाही.

पुढचं सगळं इंग्रजीच्या सरांमुळे झालं. बाबांनी त्यांना विचारलं, पोरीचं काय करावं? सर म्हणाले, “इंग्रजी कानावर पडलं पाहिजे.” सर हे सगळ्याच पालकांना सांगत. पण बाबा क्लार्क होते, आलेला आदेश अंमलात आणायचा एवढंच त्यांना माहीत. ते घरी आले, हातपाय धुतले, कोनाड्यातून कॅसेट काढली आणि आमच्या मामाने अकोल्याहून आणून दिलेल्या टू-इन-वनमध्ये घातली.

“शकू, वही घेऊन बस. हे खरं अमेरिकेचं इंग्रजी आहे. गाइडातलं नाही.”

आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. “अन् हा एवढा गोंधळ वाजून राह्यला, त्याचं काय?”

“तो सोडून द्यायचा,” बाबा म्हणाले. “शब्दाकडं लक्ष द्यायचं.”

त्या दिवसापासून सकाळी एक तास आणि शाळा सुटल्यावर एक तास आमच्या घरी कॅसेट लागू लागली. बाबा एरवी आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायचे, पण त्या तासापुरते शाळेतल्या मराठीत शिरायचे. कोणी आलं, कोणी भांडं आपटलं, की तोंडावर बोट ठेवून म्हणायचे, “शांतता ठेवा. इंग्रजी चालू आहे.” आणि मांडी घालून, डोळे मिटून, हरिपाठ ऐकावा तसे ते गिटारी ऐकत बसायचे. शेजारच्या लीलाकाकू दोन दिवस कुंपणापलीकडून कान देत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला हळूच विचारलं, “घरात कोणी आजारी हाये का हो? सकाळपासून कोणी कन्हून राह्यलं.”

त्यांचंही काही चुकलं नव्हतं. गाणारा तोंडात सुपारी ठेवून बोलणाऱ्या माणसासारखा गायचा. शब्द त्याच्या ओठांपर्यंत यायचे आणि तिथूनच परत फिरायचे. गिटार मात्र स्वच्छ होती, लांबच्या अंगणात कोणी भांडी घासून एकेक उपडी घालत असावं तशी. मला ती आवडायची, पण आवडते असं म्हणायची सोय नव्हती, कारण तो अभ्यास होता. पहिल्या दिवशी एका तासात ताईच्या वहीत चार शब्द उतरले आणि चारही पहिलीतल्या पोराला येतील असे. मागे घ्यायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा थांबवायचं. सेल उतरू नयेत म्हणून कॅसेट पेन्सिलीने मागे फिरवायचं काम माझ्याकडे होतं. उतरलेले सेल आम्ही गच्चीवर उन्हात ठेवायचो. ते कुरडयांच्या रांगेत, जुन्या लुगड्यावर वाळत पडलेले असत.

त्या मार्चचं सगळं असंच एकमेकांत मिसळून बसलंय. गव्हाचा चीक शिजल्याचा आंबूस वास, खाली तळ्याचा तो खारट कुबट वास जो ऊन वाढलं की वाऱ्याबरोबर वर येतो, मोहरलेला लिंब, आणि मधूनच ती गिटार. ताईला वाळवणाची राखण करायला गच्चीवर बसवायचे. एका हातात काठी, मांडीवर वही, बाजूला टू-इन-वन. दुपारच्या वेळी सबंध गल्ली झोपलेली असायची. मी शाळेतून आले की तिच्याजवळ जाऊन बसायची. नववीत होते मी आणि माझं इंग्रजी तिच्यापेक्षा बरं होतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. ती त्याबद्दल कधी काही बोलली नाही.

एके दिवशी तिने वही माझ्यापुढे केली. गाणं पूर्ण लिहिलेलं होतं. न कळलेल्या शब्दांच्या जागी आधी तिने रेघा ओढल्या होत्या, पेपरात रिकाम्या जागा असतात तशा. आता त्या रेघांवर पेन्सिलीने अक्षरं होती. मी म्हटलं, हे तुला ऐकू आलं? ती म्हणाली, “नाई वं. भरलं मी.”

“मनानं?”

“हाव. त्याच्या चालीत बसलं पाहिजे फक्त. नाई बसलं त खोडते अन् दुसरं करते.”

मी वाचलं. एका ओळीवर लिहिलं होतं, ‘द क्रो इज वेटिंग फॉर माय मदर टू गो इनसाइड.’ माझी आई घरात कधी जाते याची तो कावळा वाट पाहतोय. मी मान वर केली. पाण्याच्या टाकीवर खरंच कावळा बसला होता आणि आई खाली अंगणात कुरडया घालत होती. दोनदा नापास झालेल्या माझ्या बहिणीने लिहिलेलं वाक्य होतं ते. एकही चूक नव्हती. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला. मला व्याकरण येत होतं, पण असं काही लिहावं हे मला सुचलं नसतं.

बाबा रात्री जेवणाआधी वही तपासत. शब्दकोश मांडीवर घेऊन, बोट फिरवत. कावळ्याच्या ओळीवर ते बराच वेळ थांबले. मग समाधानाने म्हणाले, “म्हणजे अमेरिकेतही वाळवण घालतात तर.” ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं. पुढे त्या अमेरिकन गाण्यांत आमची बकरी आली, लीलाकाकू आल्या, दुपारची मोटर आली, तळ्याचा वास आला. बाबांना एकेका गोष्टीचं नवल वाटे. शाळेत जाऊन ते सरांना सांगतही असतील. आम्ही कधी खरं सांगितलं नाही. त्यांचा तो आनंद आम्हाला मोडवेना.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि गावाकडून मोठे काका आले, बाबांचे थोरले भाऊ. हरभऱ्याचं पोतं घेऊन आले होते. दुपारची जेवणं झाली, पुरुष माणसं ओट्यावर बसली. मी आत भांडी आवरत होते. ताई चहा घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग चहा देऊन आली आणि सरळ गच्चीवर निघून गेली. मी मागोमाग गेले. ती कुरडया उलटत होती. त्या कडकडीत वाळलेल्या होत्या, उलटायची काही गरज नव्हती.

“काय झालं?”

“काका स्थळ घेऊन आले. मेहकरकडचं. त्यायले मॅट्रिक पास पोरगी पाह्यजे.”

“मंग? बाबा काय म्हणाले?”

“मागच्या दोन बारीले म्हणे तेच. इंग्रजी राह्यलेली पोरगी कशी देऊ, पहिले सुटू द्या.” तिने आणखी एक कुरडई उलटली. “या बारीले म्हणाले, सुटलं की लगेच पाहू.”

तेव्हा मला एक गोष्ट कळली जी ताईला बहुधा आधीपासून कळत होती. तिचं राहिलेलं इंग्रजी हे बाबांचं काकांना द्यायचं उत्तर होतं. थोरल्या भावाला नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नव्हती, अजूनही फारशी नाही. कारण पुढे करायचं, एवढंच चालायचं. बाबांनी दोनदा ते कारण पुढे केलं होतं. पोरगी नापास झाली की घरात सुतक आल्यासारखं व्हायचं, आणि त्याच नापासाच्या आडोशाला तिला आणखी सहा महिने मिळायचे. पास झाली की आडोसा गेला.

“निमे,” ती म्हणाली, “पेपर कोरा टाकून आली त?”

मी चिडले. मला आजही तो आवाज ऐकू येतो, चौदा वर्षांच्या शहाण्या पोरीचा. “कोरा काऊन टाकतं? बाबानं तुले डी.एड.चा शब्द देला हाये.”

“काकाले बी देलाच ना.”

“बाबा तुह्याच बाजूनं आहेत. तू पास त हो. पास झाली की कोणी अडवत नाही.”

हे मी म्हटलं. कोणी म्हणायला लावलं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं, आणि शिवाय ताई नापास झाली की मलाही शाळेत मान खाली घालावी लागायची, तेही त्यात होतं. तिने वही उघडली, मला म्हणाली, कॅसेट मागे घे. दुसरी बाजू लावली. त्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात गाणारा एकटाच असतो, बाकी सगळे थांबतात, आणि तेवढ्या भागातसुद्धा तो काय म्हणतो ते ऐकू येत नाही.

पेपरला बाबा रजा काढून तिच्याबरोबर मेहकरला गेले, केंद्र तिथे होतं. पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून नेली होती. संध्याकाळच्या एस.टी.ने परत आले. बाबांनी वाटेत एकेक प्रश्न विचारला असणार, कारण ते बसमधून उतरले तेच हसत. ताई थकलेली दिसली. मी विचारलं, कसा गेला? ती म्हणाली, “लिहिला.” मग पुरवणी घेतल्याचं बाबांनी सांगितलं. आमच्या घरात तोवर इंग्रजीच्या पेपराला पुरवणी कोणी घेतली नव्हती.

जूनमध्ये निकाल शाळेत आला आणि तो बाबांनीच आणला. बावन्न गुण होते. बाबांनी तो आकडा तीनदा वाचला, मग आईकडून वाचवून घेतला, जिला इंग्रजी आकडेही येत नव्हते. पेढे आले. त्याच आठवड्यात त्यांनी बुलडाण्याहून डी.एड.चा अर्जही आणवला, हे मी मुद्दाम लिहिते, कारण नाहीतर वाचणाऱ्याला ते लबाड वाटतील. ते लबाड नव्हते. पंधरा दिवसांनी मेहकरकडचे पाहायला आले, तेव्हा बाबांनी त्यांना विचारलं, “पोरीले पुढं शिकायचं हाये. शिकवान ना?” ते म्हणाले, “काऊन नाई शिकवणार?” बाबांचे दोन्ही शब्द पाळले गेले. आपल्यापुरतं त्यांचं काम निर्दोष झालं होतं. लग्न तुळशीनंतर लागलं. अर्ज बाबांच्या टेबलाच्या खणात होता तिथेच होता.

ताईचं वाईट झालं नाही. आपल्याकडे असं म्हणायची सोय असते. भावजी माणूस बरे आहेत, शेत ओलिताचं आहे, म्हशी आहेत, दोन मुलं शिकली. डी.एड.चं पहिल्या वर्षी सासूच्या आजारपणात राहिलं, दुसऱ्या वर्षी बाळंतपणात, तिसऱ्या वर्षी कोणी विषय काढला नाही. दोन वर्षांनी माझी पाळी आली तेव्हा काकांनी स्थळ आणलं, आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाला कारण न देता नाही म्हणाले. मी डी.एड. केलं, बाहेरून बी.ए. केलं, मग बी.एड. बाबांना नाही म्हणायला ताईच्या लग्नाने शिकवलं आणि त्याचा फायदा मी घेतला. हे मी कोणाजवळ बोलले नाही. आता बोलून टाकते, कंटाळा आलाय सांभाळून ठेवण्याचा.

तो बँड पुढे फार मोठा झाला म्हणे. मला नंतर कळलं, तेही ताईच्या धाकट्यामुळे, नवनाथमुळे. तो पुण्यात नोकरीला आहे. दोन वर्षांमागे दिवाळीला आला होता आणि मोबाइलवर काही लावून बसला होता. मी स्वयंपाकघरातून ताडकन बाहेर आले. तीच गिटार. तो मला समजावायला लागला, “मावशी, हा त्यांचा पहिला अल्बम. क्लासिक आहे. अमेरिकेतल्या लोकांनाही याचे शब्द नीट कळलेले नाहीत अजून, भांडतात नेटवर.” मी खुर्चीत बसले. मला हसू येईना आणि रडूही येईना. आम्ही दोघी सेल वाळवत बसलो होतो, बाबा शब्दकोश घेऊन बसले होते, आणि ज्यांची भाषा तेही तसेच बसले होते. गाणं पुढे गेलं आणि मी आपोआप म्हणायला लागले. सगळी गाणी पाठ होती मला, ओळ न् ओळ. नवनाथ बघतच राहिला. “हे काय म्हणतेस? असं नाहीये ते.”

“तुझ्या आईचं आहे,” मी म्हटलं. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

काल रात्री जेवल्यावर मी ताईला फोन केला. कारण काही नव्हतं. गठ्ठ्यात एक पेपर निघाला होता, अक्षरावरून मुलीचा वाटला. सगळा जेमतेम, पण निबंधात तिने आपल्या गावच्या बंद पडलेल्या हातपंपाबद्दल आठ ओळी लिहिल्या होत्या, चुका होत्या, पण तिच्या होत्या. पास व्हायला दोन गुण कमी पडत होते. शोधले असते तर सापडले असते. मी पेन हातात धरून बसले आणि मला ते धाडस होईना. पास होऊन ही कुठे जाणार आहे, मला काय माहीत. ताईला मी हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती. तिच्यामागे म्हशीला कोणी हाकलत होतं.

मग चाळीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, ताई, तुला तर ओट्यावरचं सगळं ऐकू आलं होतं. पास झालीस तर काय होणार हे माझ्यापेक्षा तुलाच जास्त कळत होतं. मग त्या दिवशी मेहकरला पेपर कोरा का नाही ठेवलास? मी बोलले म्हणून लिहिलास का?

ती हसली. “तुह्यं कोण ऐकते, निमे?”

मग फोन तोंडापासून दूर धरून तिने कोणाला तरी म्हशीला आत बांधायला सांगितलं.

“कोरा कसा ठेवू?” ती म्हणाली. “मले येत होतं.”